अमेरिकेला जाताना युरोपात दोन दिवस

लातूर-नांदेडकडचे आई-बाबा मुलाकडे अमेरिकेला निघाले की वाटेत युरोप बघायची हौस असते. डोंगर-पाणी आवडणाऱ्यांनी पॅरिसपेक्षा स्वित्झर्लंडमधलं झुरिच धरावं. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे, त्यामुळे बॅगा ओढत शहरभर फिरावं लागत नाही.

एकच दिवस असेल तर ऱ्हाइन नदीचा धबधबा. उंची फक्त 23 मीटर, पण रुंदी 150! जून-जुलैत आल्प्सचा बर्फ वितळतो, तेव्हा तो भरात असतो. भर पावसातलं सहस्रकुंड ज्यांनी पाहिलंय त्यांना तो गडगडाट ओळखीचा वाटेल. कठड्याशी उभं राहिलं की चष्म्यावर तुषार येतात. दोन रात्री असतील तर सरळ लाउटरब्रुनेन हे डोंगरातलं गाव गाठा. तिथे सुमारे 300 मीटरच्या कड्यावरून गावाच्या डोक्यावरच पाणी कोसळतं, आणि चालायची वाट सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी मला हेच महत्त्वाचं वाटतं.

विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा तिकिटाआधी त्याचं बघा. सोबत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. पेढे, तूप मात्र नको, दुधाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत.