बेस गिटारची तडकलेली मान घरी कशी जोडावी

स्टँडवरून पाठीवर पडलेली बेस उचलली आणि मान जिथे संपते तिथे, हेडस्टॉकच्या (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) मुळाशी, केसाएवढी रेघ दिसली, तर सगळ्यात आधी चारही तारा सैल सोडा. सुरात लावलेल्या चार तारांचा मिळून सुमारे 80 किलोंचा ताण मानेवर असतो आणि तो चीर उघडत राहतो. वाजवून बघायचा मोह आवरा.

ही जागा नाजूक का असते? गिब्सनच्या थंडरबर्डसारख्या (1963) बेसचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. त्यामुळे तिथे लाकडाचे रेषे तिरपे छेदले जातात. त्यात ट्रस रॉडच्या (मानेचा बाक कमीजास्त करणाऱ्या, आतल्या धातूच्या दांड्याच्या) चावीसाठी अनेकदा नेमकं तिथेच लाकूड कोरलेलं असतं. फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजनपासून आलेला सरळ हेडस्टॉक त्या मानाने क्वचितच तुटतो.

आता तपासा. हेडस्टॉक अगदी हलक्या हाताने वाकवला की चीर उघडते, सोडला की पुन्हा रेघेसारखी मिटते, असं असेल तर काम घरी होण्यासारखं आहे. तुकडा पूर्ण निघालाय, ढलप्या हरवल्यात किंवा वाद्य जुनं आणि मोलाचं आहे, तर कारागिराकडेच न्या. चुकीचा गोंद एकदा आत मुरला की त्यालाही जोड नीट धरता येत नाही.

गोंद हा या कामाचा जीव आहे. फेविकॉल 1959 मध्ये आला, त्याआधी सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद, वापरायचे आणि वाद्य दुरुस्त करणारे काही कारागीर आजही वापरतात. पण गरम सरस भराभर थिजतो, नवख्याला वेळ पुरत नाही. साधा पांढरा फेविकॉल सततच्या ताणाखाली आणि उन्हाळ्यात हळूहळू सरकतो. फेविक्विकचा जोड ठिसूळ होतो. मी टाइटबाँड ओरिजिनल हा पिवळा लाकडी गोंद घेईन.

गोंदाची बाटली उघडण्याआधी कोरडी तालीम करा. तारा काढून टाका, ट्रस रॉड सैल करा. हेडस्टॉकच्या पुढे आणि मागे कॉर्क चिकटवलेले लाकडी ठोकळे ठेवून दोन जी-क्लॅम्प लावून बघा. चीर सगळीकडून मिटली पाहिजे, एका बाजूला सरकता कामा नये. ठोकळ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर तेही मानेला चिकटून बसतील.

मग चीर उघडी धरून औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने गोंद सोडा. खोल जागी पोचवायला दातांचा फ्लॉस पुढेमागे ओढा किंवा दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. ट्रस रॉडच्या खाचेत गोंद जाऊ देऊ नका, आधीच कागदाचा बोळा भरा. क्लॅम्प आवळल्यावर कडेने गोंदाचे बारीक थेंब सगळीकडून आले, म्हणजे आत कमी पडलेला नाही. ओल्या फडक्याने पुसा. फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर येईल.

24 तास हात लावू नका. पावसाळ्यात मी 48 तास थांबतो. मग 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, वर लॅकरचे पातळ हात. रेघ दिसली तरी जोडाच्या ताकदीला त्याने फरक पडत नाही.

तारा एकदम सुरात नेऊ नका. आधी अर्ध्या ताणावर रात्रभर ठेवा, सकाळी रेघेवर बोट फिरवून पाहा. उघडली नसेल तर सुरात आणा. आता सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण 0.3 मिमी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सूर लावा आणि पुन्हा मोजा. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी कधीच नको, आणि जोर लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा.