नव्या घरात वायर्ड सेन्सर बसवताय? प्लास्टरच्या आधी या चुका टाळा

चिपळूणजवळ आम्ही घर बांधलं, तेव्हा चोरीच्या अलार्मसाठी लावलेल्यांपैकी मुख्य दाराचा सेन्सर मला सगळ्यात सोपा वाटला होता. चुंबक दारात, रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) चौकटीत, दोन वायरी अलार्मच्या पॅनेलला, की झालं काम. जुलैत फणसाचं दार फुगलं, लागेना, म्हणून सुताराने वरून आणि कडीच्या बाजूने रंधा मारला. डिसेंबरात तेच दार आक्रसलं आणि वरची फट बोटभर झाली. एका रात्री वाऱ्याने दार जरा हललं आणि सायरन सुरू झाला. आई दचकून उठली, शेजारचे काका काठी घेऊन धावत आले. सेन्सर ठणठणीत होता. त्याच्या खोक्यावर 15 मि.मी. लिहिलेलं होतं आणि घेताना मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

म्हणून पहिली चूक: दार न बघता सेन्सर घेणं. साध्या रीड स्विचला चुंबक 15 ते 25 मि.मी. अंतरापर्यंत कळतो, तोही लाकडात. लोखंडी चौकट किंवा सेफ्टी डोअर असेल, तर लोखंड चुंबकाचं बळ खेचून घेतं आणि हे अंतर निम्म्यावर येऊ शकतं. यूपीव्हीसी खिडकी वरून प्लास्टिकची दिसते, पण तिच्या आत बहुतेक वेळा मजबुतीसाठी लोखंडी पट्टी असते. अशा ठिकाणी वाइड गॅपचे (जास्त अंतरावरूनही चुंबक ओळखणारे) किंवा खास लोखंडी दारासाठीचे सेन्सर मागा. कोकणात तर लाकडी दारालाही वाइड गॅपच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. बसवायचा तो बिजागरीच्या बाजूला नाही. तिथे दार बरंच उघडलं तरी चुंबक जागचा फारसा हलत नाही. वरच्या पट्टीत, कडीच्या कोपऱ्याकडे बसवा. चौकट ग्रॅनाइटची असेल, तर भोक कारखान्यातूनच पाडून घ्या.

सरकत्या खिडक्यांची अडचण वेगळी. उन्हाळ्यात रात्री खिडकी चार बोटं उघडी हवीच असते, मग लोक तो सेन्सर कायमचा बंद करून टाकतात. त्यापेक्षा झडपेवर दोन चुंबक लावा, एक खिडकी पूर्ण बंद असतानाच्या जागी आणि दुसरा हवेपुरती उघडी असतानाच्या जागी. अलार्म लावायच्या वेळी खिडकी या दोनपैकी एका जागी असली की पुरे. मात्र चार बोटांच्या फटीतून कडी काढता येत नाही ना, हे हात घालून बघा.

एनसी की एनओ?

दुकानात इथे हमखास घोळ होतो. चुंबक जवळ नसताना उघडा राहणारा रीड स्विच काही कंपन्या एनओ (नॉर्मली ओपन, एरवी उघडा) म्हणून विकतात. अलार्मवाले त्याच वस्तूला एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी बंद) म्हणतात, कारण दार बंद असताना सर्किट बंद, म्हणजे जुळलेलं असतं. नावावरून वाद घालू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि चुंबक जवळ न्या. जवळ नेल्यावर वाजला पाहिजे, लांब नेल्यावर थांबला पाहिजे. असाच सेन्सर घ्यायचा, कारण मग वायर तुटली किंवा कोणी कापली तरी पॅनेलला दार उघडल्यासारखं दिसतं आणि ते गप्प बसत नाही.

वायर वाचवू नका

सेन्सर पुढे बदलता येतो, पण प्लास्टरच्या आतली वायर बदलायला भिंत फोडावी लागते. तरी सगळ्यात जास्त काटकसर होते ती वायरीतच. वायरमन सवयीने एका खिडकीवरून दुसरीवर वायर नेतो, पाच खिडक्यांची माळ करतो आणि पॅनेलपर्यंत एकच जोडी आणतो. अलार्म वाजला की पाचांपैकी कोणती खिडकी उघडली ते कळत नाही, आणि एक सांधा सैल झाला की पाचही गेल्या. प्रत्येक सेन्सरची वायर थेट पॅनेलपर्यंत वेगळी हवी. दाराला दोन कोर पुरतात, पण चार टाका. मोशन सेन्सरला वीजपुरवठ्याचे दोन, अलार्मचे दोन आणि टॅम्परचे (कोणी झाकण उघडलं तर कळवणारे) दोन अशा सहा कोर लागतात.

ही वायर 230 व्होल्टच्या पाइपातून नेऊ देऊ नका. "एवढीशी वायर आहे साहेब, जाईल यातूनच," असं ऐकावं लागेल. नकोच म्हणा. शेजारच्या विजेचा खोटा सिग्नल तिच्यात येतो, आणि इन्सुलेशन कुठे सोललं गेलं तर 230 व्होल्ट थेट सेन्सरमध्ये उतरतात. पाइप वेगळा, शक्यतो फूटभर लांब, आणि ओलांडायचाच असेल तर काटकोनात. भिंतीत सांधा नको. पिळून टेप गुंडाळलेला सांधा ओल लागली की हिरवा पडतो.

जाडीची काळजी मात्र लोक भलत्याच ठिकाणी करतात. 0.22 चौरस मि.मी.ची नेहमीची अलार्म केबल 30 मीटर नेली, तर जाऊन-येऊन साधारण 5 ओहम होतात. 15 मिलिअँपिअर घेणाऱ्या मोशन सेन्सरसाठी हे काहीच नाही, व्होल्टचा दहावा हिस्साही पडत नाही. पण अर्धा अँपिअर घेणाऱ्या सायरनला त्याच वायरीत अडीच व्होल्ट गमवावे लागतात. जाड वायर तिथे टाका.

वायर शाबूत आहे का हे पॅनेलला कळावं म्हणून लाइनच्या टोकाला लागणारा रेझिस्टर पॅनेलमध्येच बसवून टाकणं ही अगदी सर्रास दिसणारी चूक. काम लवकर होतं, पण मग वाटेत वायर शॉर्ट झाली तरी पॅनेलला सगळं आलबेल दिसतं. तो सेन्सरच्या टोकालाच हवा, आणि पॅनेलच्या माहितीपत्रकात असेल त्याच किमतीचा.

मोशन सेन्सर

पीआयआर, म्हणजे नेहमीचा मोशन सेन्सर, हालचालीबरोबर फिरणारी उष्णता बघतो. त्याच्या समोरून आडवं गेलेलं माणूस त्याला लगेच कळतं, सरळ त्याच्याकडे येणारं उशिरा. म्हणून तो दारासमोर न लावता, दारातून येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जाईल अशा कोपऱ्यात, सात ते आठ फुटांवर लावा. काचेपलीकडचं माणूस त्याला दिसत नाही, पण काचेतून येणाऱ्या उन्हाने तापलेला पडदा हलला तर फसतो. एसीचा झोत आणि शेगडी समोर नकोत.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बंद घराच्या भिंतीच अंगाइतक्या तापतात. मग अंग आणि भिंत यांच्या तापमानात फरकच उरत नाही आणि पीआयआर आंधळा झाल्यासारखा होतो. तिकडे तापमानानुसार संवेदनशीलता बदलणारा किंवा पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (रेडिओ लहरींनी हालचाल ओळखणारा) दोन्ही असलेला सेन्सर घ्या.

दिव्यांसाठी अलार्मचाच पीआयआर वापरला, तर वाचत शांत बसलेल्या माणसावर अंधार होतो. तिथे मिलिमीटर वेव्हचा प्रेझेन्स सेन्सर लागतो, तो श्वासाची हालचालही टिपतो. पण त्याला छताचा पंखाही दिसतो! आपल्याकडे पंख्याशिवाय खोली नाही, म्हणून तो छताला पंख्याशेजारी लावू नका. भिंतीवर लावून त्याची अंतराची मर्यादा अशी ठेवा की पंखा बाहेर राहील. हा सेन्सर प्लायवुडपलीकडचंही ओळखतो, हे पार्टिशनच्या खोल्यांत ध्यानात असू द्या.

वीज आणि बोर्ड

सेन्सरचे 12 व्होल्ट पॅनेलच्या बॅटरीवरूनच घ्या. वीज आल्यावर पीआयआरला स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं, आणि बॅकअप नसेल तर दर वेळी वीज गेली-आली की खोटा इशारा मिळतो. ईएसपी-32 हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरून स्वतः जोडणी करणाऱ्यांनी 34 ते 39 या पिना जपून वापराव्यात. त्यांना आतला पुल-अप (पिनेला ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर) नसतो. बाहेरून रेझिस्टर दिला नाही तर दार उघडं असताना पिन अधांतरी राहते आणि उघड-बंद दिसत राहतं. लांब वायर थेट पिनेला लावू नका, मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा भाग) ठेवा.

बिघडलं तर

आधी वायर पॅनेलपासून सोडवा आणि मीटर लावा. 2.2 किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक मालिकेत आणि एक स्विचच्या समांतर, असतील तर दार बंद असताना साधारण 2.2 दिसायला हवेत, उघडल्यावर 4.4. शून्य आलं तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर तुटलेली. दार बंद असूनही 4.4 येत असतील, तर चुंबक लांब गेलाय, रंधा आठवून बघा.

मोशन सेन्सर रात्रीच वाजत असेल, आणि कॅमेऱ्यात कोणी दिसत नसेल, तर टॉर्च घेऊन भिंगाकडे बघा. आमच्याकडे स्वयंपाकघराबाहेर एक पाल दिव्यावरचे किडे खाऊन रोज साडेअकराच्या सुमारास त्याच्यावरून उतरायची. भिंगाला चिकटलेली एवढीशी पालही सेन्सरला खोलीभर दिसते. तो सेन्सर आम्ही दिव्यापासून चार फूट लांब नेला, आणि मुंग्या आत शिरू नयेत म्हणून मागचं वायरीचं भोक सिलिकॉनने बंद केलं. तेव्हापासून तो विनाकारण वाजलेला नाही.