फिल्टर लावायच्या आधी

गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडून उजेड असतानाच घ्यायची, कारण दुर्बिणीचा फाइंडर, म्हणजे नेम धरायचं छोटं साधन, जुळवायचं काम दिवसाच सोपं जातं. लांबच्या टॉवरवरची क्रेन आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, मधोमध आणायची आणि स्क्रू फिरवत फाइंडरचा ठिपका तिच्या टोकाच्या दिव्यावर बसवायचा. सूर्य बुडेपर्यंत पश्चिमेकडे नळी वळवायची नाही, गंमत म्हणूनही नाही.

तिपाई चायना मोझॅकवरच. एकदा वॉटरप्रूफिंगच्या डांबरावर ठेवली होती. दिवसभर तापलेल्या डांबरात पाय रुतत गेले आणि साडेआठला जुळवलेलं साडेनऊला सुटलं. आता तीन पायांच्या जागी नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत. ध्रुव तारा इथे मुंबईत जेमतेम १९ अंशांवर, त्यातून आमच्या उत्तरेला टॉवर. म्हणून माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारी मोटरची बैठक, ध्रुवावाचून चालणारा.

दुर्बिणीच्या हँडसेटमध्ये अक्षांश १९ उत्तर, रेखांश ७२.८ पूर्व, वेळ ग्रीनिचपेक्षा अधिक साडेपाच तास, डेलाइट सेव्हिंग बंद. मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची. घड्याळ मागे करायला जाऊ नये, रेखांश दिला की दुर्बीण तो हिशेब आपला आपण करते. तारखेत मात्र आधी महिना, मग दिवस. मी ५ डिसेंबरला सवयीने आधी ५ टाकले, यंत्राने १२ मे धरला. ब्रह्महृदय हा तारा ईशान्येला वर येत होता आणि दुर्बीण वायव्येकडे तोंड करून ठाम उभी! तासभर मी मोटरला शिव्या घालत होते.

जानेवारीत दुर्बीण आकाशाशी जुळवायला ब्रह्महृदय आणि व्याध या ताऱ्यांची जोडी बरी: दिशाही वेगळ्या, उंचीही वेगळी. तारा मध्यावर आणताना शेवटचं बटण दर वेळी त्याच बाजूचं दाबायचं, नाहीतर गिअरमधली ढील चुकीत जमा होते.

मग कॅमेरा. ७४२ नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर चढवला की आयपीसमध्ये डोळा लावून जवळपास काही दिसत नाही, म्हणून आधीचं सगळं फिल्टरविना. खरी अवरक्त, म्हणजे लालपलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशातली, निरीक्षणं लडाखमधल्या हानलेसारख्या उंच, कोरड्या जागी. आपल्या दमट हवेतली वाफ तो प्रकाश बराचसा गिळते. पण ही अवरक्ताच्या कडेची पट्टी धुरकट हवेतही गुरूचे पट्टे कमी थरथरते दाखवते. नळी २००० मिलिमीटर फोकल लांबीची, सेन्सर साडेपाच मिलिमीटर रुंद, म्हणजे स्क्रीनवर चंद्राच्या रुंदीचा तिसरा हिस्सासुद्धा पुरता मावत नाही. म्हणून गुरूआधी मृगातली काक्षी. डोळ्याला व्याध जास्त तेजस्वी, पण या फिल्टरमधून लालसर काक्षी त्याच्यावर मात करते आणि पटकन सापडते. आधी फोकस, कारण फोकसच्या नॉबने आरसा सरकतो आणि तारा जागा सोडतो. मग तो मध्यावर आणून सिंक, म्हणजे दुर्बिणीला ‘तू नेमकी इथे बघतेस’ असं सांगायचं, आणि तिथून गुरु.

अकराच्या सुमारास टाकीचा पंप सुरू होतो. तेवढी दहा मिनिटं रेकॉर्डिंग थांबवून थर्मासमधला चहा.