बोटीवरची बॅटरी बँक आणि चार्जिंग: आधी हिशोब, मग खरेदी

बोटीवर बॅटरी वारंवार उतरायला लागली की पहिला विचार येतो तो मोठी बॅटरी घ्यायचा, आणि मग ती मोठी बॅटरीसुद्धा दोन-तीन सीझनमध्ये मरते, कारण बहुतेक वेळा खरा प्रॉब्लेम साइझचा नसतोच, बॅटरी कधी पूर्ण चार्जच होत नसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खर्च मोजा, मग बँक (म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या) ठरवा, मग ती भरायची कशी ते बघा.

खर्च मोजायला कागद घ्या आणि प्रत्येक वस्तूचे अँपिअर गुणिले तास लिहा. समजा फ्रिजचा कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो, म्हणजे २४ तासांत ६० अँपिअर-तास. नांगर टाकल्यावर लावायचा एलईडी दिवा रात्रभरात २-३, चार्टप्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) ८ तास चालला तर ८, आतले दिवे आणि मोबाइल मिळून १०. पाण्याचा पंप करंट भरपूर ओढतो पण चालतो किती वेळ, मिनिटंच, त्यामुळे त्याची काळजी नको. बेरीज ८० च्या आसपास. फ्रिज एकटाच पाऊण हिस्सा खातो हे कागदावर दिसलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आता बँक. लेड-अ‍ॅसिड, मग ती साधी असो की एजीएम (काचेच्या तंतूंच्या पॅडमध्ये आम्ल शोषून ठेवलेली बंद बॅटरी), निम्म्याच्या खाली उतरवू नये, आयुष्य झपाट्याने कमी होतं. दोन दिवस चार्जिंगशिवाय काढायचे तर १६० लागणार, म्हणजे ३२० अँपिअर-तासांची बँक. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, तिथे २०० पुरते. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या पॅरलल जोडल्या की क्षमता दुप्पट होते आणि व्होल्टेज तेच राहतं, सीरिजमध्ये बरोबर उलटं. पॅरललमध्ये पॉझिटिव्ह वायर एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढा, नाहीतर एकच बॅटरी जास्त राबते. जुनी आणि नवी एकत्र जोडू नका, जुनी नवीलाही खाली खेचते.

इंजिन स्टार्ट करायची बॅटरी मात्र कायम वेगळी ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आमच्या बोटीवर एकदा बॅटरी स्विच रात्रभर ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या स्थितीत, राहिला, फ्रिजने दोन्ही बॅटऱ्या उतरवल्या, आणि सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक् टक् टक्. वारा किनाऱ्याकडे वळलेला असता तर काय झालं असतं हा विचार अजून येतो. त्यानंतर आम्ही व्होल्टेजवर चालणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) बसवला, तो इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झालं आणि व्होल्टेज खाली आलं की आपोआप तोडतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरी स्विच कधीही ‘ऑफ’वर नेऊ नका, फिरवताना ‘ऑफ’मधूनही जाऊ देऊ नका, अल्टरनेटरचे (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जळू शकतात.

चार्जिंगमध्ये सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘तासभर इंजिन चालवलं की झालं’. लेड-अ‍ॅसिड ८० टक्क्यांपर्यंत पटपट भरते, पण शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, कारण बॅटरी करंट कमी कमी घ्यायला लागते, तुमचा अल्टरनेटर कितीही मोठा असो. हे शेवटचे २० टक्के भरायला सोलर सगळ्यात उत्तम, दिवसभर शांतपणे भरत राहतं. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २५ ते ३० अँपिअर-तास देतं, म्हणजे वरच्या ८० साठी ३०० वॉट हवेत, आणि डोलकाठीची बारीक सावली जरी पॅनलवर पडली तरी आउटपुट धाडकन पडतं, त्यामुळे जागा निवडताना दिवसभर सावली कुठे फिरते ते बघा. मरिनामध्ये असाल तर किनाऱ्यावरच्या विजेवर तीन टप्प्यांचा चार्जर लावा, पण त्यावर बॅटरीचा प्रकार बरोबर सेट करा, जेल बॅटरीला (हिच्यात आम्ल जेलसारखं घट्ट असतं) एजीएमचं व्होल्टेज दिलं तर ती खराब होते.

लिथियम घेतली तर ती अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो, मधे करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर टाका. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली तिला चार्ज करू नका.

किती चार्ज आहे हे बघायला लेड-अ‍ॅसिडला काही तास आराम द्या, चार्जिंगही नको आणि लोडही नको, मग १२.७ व्होल्ट म्हणजे फुल आणि १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, तिथे शंटवाला मॉनिटरच लागतो, जो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, आणि वायर टिन केलेली तांब्याची घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची) वायर मात्र मेन स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजमधून बॅटरीवर घ्या. बोट सोडून जाताना मेन स्विच बंद करा, मग पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की वर तरंगून पंप चालू करणारा स्विच) हाताने वर उचला आणि पंप चालू झाल्याचा आवाज आला की मगच उतरा.