मीटरवर ४१५ व्होल्ट, तरी लाईन बंद

चाकणच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागात रुजू झालो, त्या वर्षी मे महिन्यात आमची कन्व्हेयर लाईन आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा दुपार टळल्यावर, अचानक थांबू लागली. लाईन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या, म्हणजे पीएलसीच्या, पडद्यावर ‘मोटर फीडबॅक नाही’ एवढाच संदेश येई आणि मल्टिमीटर लावला की तिन्ही फेजांवर व्यवस्थित ४१५ व्होल्ट दिसत. मी वायरिंग तपासली, मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, बदलला, शेवटी पीएलसीचे इनपुट कार्डही बदलले. या खर्चाबद्दल मी पुढे बरीच बोलणी खाल्ली.

“साहेब, लाईन थांबते तेव्हा वरची ट्यूब झपकते,” असे एका ऑपरेटरने सहज सांगितले, तेव्हा कुठे मुख्य पॅनेलवर व्होल्टेजची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारा पॉवर अ‍ॅनलायझर बसवण्याचे सुचले. आठवडाभरात तीन नोंदी मिळाल्या. एकदाही वीज गेली नव्हती. व्होल्टेज जेमतेम १०० मिलिसेकंद निम्म्याखाली उतरून पूर्ववत झाले होते. वळवाच्या पावसात शेजारच्या फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) फांदी पडली, की तेथील ब्रेकर ट्रिप होईपर्यंत त्याच सबस्टेशनवरील सर्वांचेच व्होल्टेज खाली येते. व्होल्टेजची इतकी क्षणिक घसरण (डिप) साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही.

५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात एक सायकल २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा डिप केवळ पाच सायकलींचा. पीएलसीला डीसी पुरवठा देणाऱ्या एसएमपीएसने तो सहज सोसला. परंतु कॉन्टॅक्टरची २३० व्होल्ट एसी कॉइल निम्म्या व्होल्टेजच्या आसपास पकड सोडते. कॉन्टॅक्टर क्षणभर सुटला, मोटर चालू असल्याचा संकेत पीएलसीला देणारा त्याचा सहायक कॉन्टॅक्ट उघडला आणि जागी असलेल्या पीएलसीने तो मोटरचा बिघाड समजून उरलेली लाईन स्वतःच बंद केली. सर्व यंत्रे शाबूत होती, तरी उत्पादन अर्धा तास ठप्प!

अशा वेळी नवखा अभियंता संपूर्ण लाईन यूपीएसवर टाकण्याचा प्रस्ताव मांडतो (मीही मांडला होता). प्रत्यक्षात कॉइल २४ व्होल्ट डीसीच्या करून त्या पुरवठ्याला क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारे बफर मॉड्यूल जोडल्याने आमचे काम भागले. ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणात) डिप सोसण्याची सोय असते, तिचे पॅरामीटर वाचून पाहावेत. मात्र जिथे माणसाचा हात यंत्राजवळ जातो तिथे वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय कधीही देऊ नये, आणि इमर्जन्सी स्टॉपच्या सर्किटला विलंब लावू नये.

 

रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पीएलसी, ड्राइव्ह आणि मुख्य मीटर यांची घड्याळे जुळवून घ्यावीत. आमची चार-पाच मिनिटे पुढे-मागे होती. त्यामुळे ड्राइव्हच्या लॉगमध्ये ‘अंडरव्होल्टेज’ ही नोंद पहिल्या दिवसापासून असूनही, ती लाईन थांबण्याच्या क्षणाचीच आहे हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.