सर्व्हेअर येण्याआधी: हियरफर्डशरमधल्या इक्विटी लोनच्या घराची तयारी

आमचं घर इंग्लंडमध्ये, हियरफर्डशरमधल्या लेम्स्टर गावाच्या कडेला आहे. नकाशात लिओमिन्स्टर असं लांबलचक नाव दिसतं, पण इथलं प्रत्येक माणूस लेम्स्टरच म्हणतं. 2019 मध्ये आम्ही इथल्या एका नव्या वसाहतीत तीन बेडरूमचं घर घेतलं, तेव्हा किमतीतले वीस टक्के हेल्प टू बाय योजनेतून सरकारने इक्विटी लोन म्हणून घातले. पहिली पाच वर्षं त्यावर व्याज नव्हतं. सहाव्या वर्षापासून मूळ कर्जावर 1.75 टक्के आकारणी सुरू झाली आणि ती दरवर्षी महागाईच्या आकड्याबरोबर वाढणार, हे बघून आम्ही कर्ज फेडायला काढलं. त्यासाठी सर्व्हेअरकडून घराच्या आजच्या किमतीचं मूल्यांकन लागतं. आम्हाला ते दोनदा करावं लागलं, कारण पहिला अहवाल कर्जखातं सांभाळणाऱ्यांकडून नामंजूर होऊन परत आला. योजना 2013 ते 2023 अशी चालली, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत घर घेतलेल्यांची व्याजमुक्त मुदत आता संपत येते आहे. हॉस्पिटलमध्ये, कंपन्यांत काम करणारी आपली कितीतरी कुटुंबं अशा लहान गावांतल्या नव्या वसाहतींत राहतात. त्यांची दुसरी फी वाचावी म्हणून काय काय हाताशी हवं ते सांगते.

सगळ्यात आधी कागद काढून एक आकडेमोड करा. सरकारने दिलेली रक्कम फेडायची नसते, घराच्या आजच्या किमतीचा तेवढा टक्का फेडायचा असतो. 2,50,000 पौंडांच्या घरावर वीस टक्के म्हणजे 50,000 पौंड घेतले असतील आणि आज घर 3,10,000 चं ठरलं, तर देणं 62,000. तेच 3,25,000 ठरलं तर 65,000. सर्व्हेअरच्या एका आकड्यात तीन हजार पौंड हलतात. घर विकत असाल तर विक्रीची किंमत आणि मूल्यांकन यांतलं जे जास्त, त्यावर टक्का लागतो, म्हणून तिथे उगाच वाढलेला अंदाज थेट तुमच्या खिशातून जातो. अर्धवट फेड करायची असेल तर किमान किती टक्के भरावे लागतात ते तुमच्या करारात बघा. 2021 च्या आधीची योजना आणि नंतरची योजना यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे मैत्रिणीने काय भरलं यावरून आपला हिशेब करू नका.

आपल्याकडून आलेल्या माणसाचा एक गैरसमज इथे हमखास होतो. महाराष्ट्रात रेडी रेकनर असतो, सरकारी दर ठरलेला असतो, त्यामुळे ‘सरकारी कर्जासाठी मूल्यांकन’ म्हटलं की कुठल्यातरी तक्त्यातून आकडा निघेल असं वाटतं. माझ्या सासऱ्यांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता, तिथला सरकारी भाव काय आहे? इंग्लंडमध्ये असा भाव नाही. आसपास तशीच घरं कितीला विकली गेली हे बघून एक माणूस मत देतो आणि त्या मताखाली सही करतो. म्हणून तयारी करायची ती त्या मतामागच्या पुराव्याची.

सर्व्हेअर निवडताना तो आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा नोंदणीकृत मूल्यांकनकार हवा, इस्टेट एजंटपासून स्वतंत्र हवा आणि तुमच्या नात्यातला नको. त्याने घरात येऊन आतून पाहणी करायलाच हवी. बँकेने रीमॉर्गेजसाठी, म्हणजे घरकर्ज नव्याने घेताना, केलेलं व्हॅल्युएशन इथे चालत नाही, एजंटने फुकट सांगितलेला आकडा तर नाहीच. फी विचारण्याआधी दोन गोष्टी फोनवर विचारा. पहिली, हेल्प टू बायचे अहवाल तुम्ही नेहमी करता का? दुसरी, या भागात गेल्या वर्षभरात किती घरं पाहिली? आम्ही पहिल्या खेपेला फक्त स्वस्त कोण ते बघितलं. आलेले गृहस्थ दीड तास गाडी चालवून आले होते. वागायला सभ्य, कामात नीटस, पण खिडकीतून दिसणारी टेकडी कुठली हेही त्यांना आमच्याकडून कळलं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. अहवालात किमान तीन तुलनेची घरं लागतात, विक्रीच्या किमतींसकट. ती तुमच्या घरासारखीच हवीत: प्रकार तोच, आकार साधारण तेवढा, वय साधारण तेवढं आणि अंतर दोन मैलांच्या आत. बर्मिंगहॅमच्या उपनगरात अशी तीन घरं एका रस्त्यावर सापडतील. आमच्याकडे दोन मैलांच्या वर्तुळात काय येतं ते डोळ्यांसमोर आणा. गावाच्या मधोमध ओकच्या काळ्या तुळया आणि त्यांच्यामध्ये पांढरा गिलावा असलेली लाकडी सांगाड्याची घरं, 1633 मध्ये जॉन एबल या सुताराने उभं केलेलं ग्रेंज कोर्ट, त्यापलीकडे व्हिक्टोरियन विटांच्या चाळीवजा रांगा, मग युद्धानंतरची कौन्सिलची घरं, आणि कडेला आमच्यासारख्या एकदोन नव्या वसाहती. पश्चिमेला पेम्ब्रिज, वेब्ली, अर्डिसलँड ही काळ्या-पांढऱ्या घरांची गावं आहेत. पर्यटक त्यासाठीच येतात आणि फार सुंदर आहेत ती. पण तिथल्या कॉटेजच्या किमतीवरून आमच्या घराची किंमत काढता येत नाही. ते घर वारसा यादीत असतं, खिडकी बदलायलाही परवानगी लागते, विमा महाग, छत इतकं खाली की माझा नवरा वाकून चालेल, आणि तरीही निवृत्त जोडपी त्या तुळयांसाठी ज्यादा पैसे मोजतात. क्षेत्रफळ सारखं म्हणून दोन्ही एकाच तराजूत घालता येत नाहीत.

आमच्या पहिल्या अहवालात नेमकं हेच झालं होतं. तीनपैकी एक घर सहा मैलांवरचं जुनं कॉटेज होतं, दुसरं अगदी नवंकोरं, बिल्डरकडून थेट विकलेलं. नव्याकोऱ्या घराच्या किमतीत नवेपणाचा अधिकचा भाग असतो. पाच-सहा वर्षं राहिलेल्या घराला तो लागू होत नाही. दोन्हींमुळे आकडा वर गेला होता आणि वर गेला तरी मंजूर झाला नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही स्वतः बसलो. हे तुम्हीही करा, दोन संध्याकाळी पुरतात. लँड रजिस्ट्रीकडे इंग्लंड आणि वेल्समधल्या 1995 पासूनच्या विक्रीच्या किमती कुणालाही फुकट बघता येतात. पोस्टकोड घालून आधी स्वतःच्या वसाहतीतल्या विक्री काढा. प्रत्येक नोंदीत घर स्वतंत्र आहे, जोडघर आहे की रांगेतलं, फ्रीहोल्ड की लीजहोल्ड, आणि विक्री नव्या बांधकामाची होती की जुन्या घराची, हे लिहिलेलं असतं. आपल्याला पुनर्विक्री हव्यात, म्हणून नव्या बांधकामाच्या नोंदी बाजूला काढा. ताज्या विक्री यादीत चढायला काही आठवडे, कधी महिने लागतात हे धरून चाला. मग त्याच पत्त्यांचं ऊर्जा प्रमाणपत्र सरकारी नोंदवहीत उघडा. त्यावर घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. इथे लोक बेडरूम मोजतात, फूट मोजत नाहीत, त्यामुळे दोन ‘तीन बेडरूम’ घरांत वीस चौरस मीटरचा फरक असला तरी जाहिरातीत तो दिसत नाही. प्रमाणपत्रावर दिसतो. किंमत, तारीख, क्षेत्रफळ, प्रकार, आमच्यापासूनचं अंतर असा एका पानाचा तक्ता आम्ही केला. सात घरं निघाली. त्यात आमच्या फायद्याची नसलेली दोनही मुद्दाम ठेवली, कारण निवडून निवडून स्वस्त घरं मांडलेला कागद अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो आणि मग उरलेल्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

उत्तर हियरफर्डशरमध्ये राहत असाल तर आणखी एक स्थानिक कारण माहीत असू द्या. लग नदीत फॉस्फेट प्रमाणाबाहेर गेल्यामुळे तिच्या पाणलोटात 2019 पासून नव्या घरांच्या परवानग्या अडकून पडल्या. त्या नंतरच्या काळातल्या वसाहती म्हणूनच इथे विरळ आहेत, आणि आपल्याएवढ्या वयाची तीन विकलेली घरं दोन मैलांत न सापडणं यात सर्व्हेअरचा आळस नसतो. तेव्हा बाहेरचं घर घेतलं तर का घेतलं, हे त्याने अहवालात लिहायला हवं, एवढं मात्र आधीच बोलून घ्या. ते न लिहिल्यामुळेही अहवाल परत येतो. आणि बाहेर जायचं तर कुठे? हियरफर्ड शहर तेरा मैलांवर, लडलो अकरा मैलांवर. लडलोला किल्ला आहे, नाव आहे, आणि त्या नावाची किंमत घरांना लागते. आमच्या दुसऱ्या सर्व्हेअरने म्हणून लडलो टाळलं.

कागदांची फाइल: घराचा आराखडा, खरेदीचे कागद, दहा वर्षांची बांधकाम हमी, ऊर्जा प्रमाणपत्र, वसाहतीच्या देखभालीसाठी वर्षाला काही भरत असाल तर त्याची पावती, आणि रस्ते कौन्सिलने ताब्यात घेतले आहेत की अजून बिल्डरकडेच आहेत याचं उत्तर. शेवटच्या दोन गोष्टी लोक विसरतात, आणि किमतीवर त्यांचा परिणाम होतो. गॅसची लाइन नसेल, टाकीतलं तेल किंवा एलपीजी वापरत असाल तर तेही सांगा. पुराचा नकाशा स्वतः बघून ठेवा. फेब्रुवारी 2020 च्या डेनिस वादळात वाय नदीने हियरफर्डमध्ये विक्रमी पातळी गाठली होती, तेव्हापासून इथला प्रत्येक सर्व्हेअर पाण्याबद्दल विचारतो. तुमच्या घरात पाणी आलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आलं असेल तर काय दुरुस्ती केली त्याची बिलं दाखवा.

घरात तुम्ही भर घातली असेल, म्हणजे मागे खोली वाढवली, काचेची खोली बांधली, तर हा भाग नीट वाचा. अशा मोठ्या बदलाला होम्स इंग्लंडची, म्हणजे हे कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी लागते. वारसा क्षेत्राजवळच्या वसाहतींत बऱ्याचदा मूळ परवानगीतच अटी असतात, त्यामुळे शहरात जे विनापरवाना चालतं त्यालाही इथे कौन्सिलकडे जावं लागतं. दोन्ही परवानग्यांची पत्रं फाइलमध्ये हवीत. सर्व्हेअरला दोन किमती लिहायला सांगा, सुधारणेसकट आणि सुधारणेविना. तुमच्या पैशाने वाढलेल्या किमतीवर सरकारचा वाटा लागू नये यासाठी हा आकडा वेगळा हवा, आणि तो नंतर मागायला गेलात तर पुन्हा फी पडते. नवा रंग, पडदे, बागेतली फरशी यांना यात धरत नाहीत.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी फार काही करायचं नसतं. तो प्रत्येक खोलीत जाईल, म्हणून प्रत्येक दार उघडेल असं बघा. माळ्याच्या झडपेखाली आमची तांदळाची पिंपं आणि दिवाळीच्या कंदिलांचे खोके होते, ते आदल्या रात्री हलवले. लेझरच्या यंत्राने तो भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेतो, बाथरूमच्या कोपऱ्यात ओल तपासणारी सुई टेकवतो, फोटो काढतो, मागच्या बागेत उभा राहून शेजारच्या शेताकडे बघतो. पाऊण तास. चहा विचारला, त्यांनी पाणी घेतलं. तक्ता हातात देताना मी एवढंच म्हटलं की ही आम्हाला सापडलेली विक्री, उपयोग झाला तर बघा. किंमत किती हवी हे बोलू नका, सुचवूही नका. तो तुमचा वकील नव्हे, आणि त्याची सही स्वतंत्र मत म्हणूनच पुढे जाते. त्यांनी आमच्या सातपैकी दोन घरं घेतली, तिसरं त्यांच्या स्वतःच्या नोंदींतून काढलं, हियरफर्डच्या अलीकडच्या एका गावातलं, आणि ते का घेतलं हे चार ओळींत लिहिलं.

अहवाल हातात आला की पाठवण्याआधी स्वतः वाचा. लेटरहेड आहे का, सही आहे का, नोंदणी क्रमांक, पाहणीची तारीख, तीन घरं, तिन्हींच्या किमती, पत्ता आणि पोस्टकोड बरोबर आहे का. अहवाल कुणाच्या नावे काढायचा ते कर्जखातं सांभाळणाऱ्यांच्या सध्याच्या मार्गदर्शिकेत दिलेलं असतं, ते काम देतानाच सर्व्हेअरला लेखी कळवा. अहवाल तीन महिने चालतो. त्या तीन महिन्यांत अर्ज, सॉलिसिटर, बँकेचं नवं मॉर्गेज आणि पैसे वर्ग होणं हे सगळं बसलं पाहिजे. म्हणून बँकेशी आणि सॉलिसिटरशी बोलणं आधी करा आणि सर्व्हेअरला शेवटी बोलवा. आम्ही पहिल्या वेळी उलट केलं होतं. मुदत संपायला आली तर त्याच सर्व्हेअरकडून वाढीव पत्र मिळू शकतं, पण ते मुदतीच्या आत मागावं लागतं.

शेवटची तारीख मी फ्रिजवर चिकटवली होती. सॉलिसिटरबाईंची ईस्टरची सुट्टी बरोबर त्या शेवटच्या पंधरवड्यात येत होती. पहिल्याच फोनवर सुट्ट्या विचारल्यामुळे ते कळलं, आणि पैसे वर्ग करायचा दिवस आठ दिवस अलीकडे घेता आला.