सायकोट्रिया: लावताना आणि ओळखताना या चुका टाळा

सायकोट्रिया या झुडपाच्या पानांवर काळे ठिपके दिसले की हात आधी बुरशीनाशकाकडे जातो. माझाही गेला होता. आठ-आठ दिवसांनी तीन फवारण्या झाल्या, ठिपके होते तसेच. मग एक पान उजेडासमोर धरलं आणि चूक कळली. ठिपके साधारण एकाच मापाचे, बोटाला किंचित फुगीर लागणारे, भोवती पिवळी कड नाही. आणि नुकत्याच उलगडलेल्या कोवळ्या पानावरही तेच. रोग इतक्या शिस्तीत पसरत नाही.

सायकोट्रिया किर्कीसारख्या काही आफ्रिकी जातींच्या पानांत या गाठी असतात आणि त्यांत जीवाणू राहतात. ते बियांमधून पुढच्या पिढीत जातात. प्रयोगात जीवाणू काढून टाकले तर रोप खुरटतं, पानं वेडीवाकडी होतात. हे जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात असं बराच काळ मानलं जायचं. पण किर्कीतल्या जीवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकसंच, वाचल्यावर त्यात त्यासाठी लागणारी जनुकंच सापडली नाहीत. ते किर्कामाइड नावाचं रसायन मात्र बनवतात, आणि ते किड्यांना विषारी असतं. म्हणजे मी रोपाच्या पहारेकऱ्यालाच कीड समजून बसलो होतो!

खरा रोग असेल तर डाग आठवड्यागणिक वाढतात, मधला भाग वाळतो, कडा पिवळ्या पडतात. तेव्हा ती पानं काढा, पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला.

पान उलटं करून पाहा. बऱ्याच जातींत मुख्य शीर आणि बाजूच्या शिरा मिळतात तिथे बारीक खळगे किंवा केसांचे झुपके दिसतात. तीही कीड नाही. त्यात राहणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांपैकी अनेक बुरशी किंवा दुसरे उपद्रवी कोळी खातात. ते घासून काढू नका. सायकोट्रिया नर्वोसाच्या पानावर शिरा खोल रुतलेल्या असतात. त्याला तहान समजून पाणी ओतत राहिलात तर मुळं कुजतील.

जागेबद्दल फार बोलायला नको: ही जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी झुडपं. दुपारचं ऊन लागलं की पानं फिकी पडतात, मग करपतात. बी ताजं पेरा आणि धीर धरा, उगवायला महिने लागू शकतात. तिसऱ्या आठवड्यात कुंडी उकरून बघण्याची खोड माझीही सुटलेली नाही.

‘फुलं येतात, फळं नाहीत’ ही तक्रार नेहमीची. अनेक जातींत झाडं दोन प्रकारची असतात: एकात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, दुसऱ्यात उलट. फळ साधारणपणे या दोन प्रकारांच्या संकरातूनच धरतं. एकाच झाडाच्या फांद्या खोचून दहा रोपं केली तर दहाही एकाच प्रकारची, आणि ओंजळभर फुलांतून एखादंच फळ. दोन-तीन फुलं उभी चिरून बघा, लगेच कळेल.

आता ओळख. 1,500हून अधिक जाती असलेली ही प्रजाती कॉफीच्या कुळातली, म्हणून काही जातींना ‘रानकॉफी’ म्हणतात. त्या भरवशावर नर्वोसाच्या बिया भाजू नका, त्यात कॅफीन नसतं. नावंही बदलली आहेत. लाल ओठांसारखी दिसणारी ‘हॉट लिप्स’ आता पॅलिकोरिया प्रजातीत आहे. ते ओठ म्हणजे पाकळ्या नव्हेत, छदं (फुलांभोवतीची रंगीत पानं) आहेत, फुलं मधली छोटी पांढरी. उलटी आणणारी इपिकाक ही वनस्पतीही कॅरापिचिया प्रजातीत गेली.

या गोंधळात पेरं बघणं उपयोगी पडतं. समोरासमोरच्या देठांमधली उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानासारखी खवलं) सायकोट्रियात बहुधा लवकर गळतात आणि जागेवर तांबूस केसांची रेघ उरते. पॅलिकोरियात ती सहसा टिकून राहतात.